वेरूळच्या गिलाव्यातली भांग

वेरूळचे बारावे लेणे, म्हणजे ‘तीन ताल’, पाहायला जाणारा माणूस तिन्ही मजले चढतो, वरच्या दालनातील बुद्धांच्या रांगेसमोर थबकतो आणि परततो. तिथे काही ठिकाणी मातीच्या गिलाव्याचे तुकडे अजून टिकून आहेत. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आजचा धागा त्या गिलाव्याविषयी आहे.

२०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या संशोधन नियतकालिकात एक लेख आला. लेखक दोघे आणि दोघेही याच शहरात काम करणारे: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतील रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. मिलिंद सरदेसाई. त्यांचे म्हणणे असे की, वेरूळच्या या गिलाव्यात ‘कॅनाबिस सटायव्हा’ ही वनस्पती कालवलेली आहे. आपल्या भाषेत, भांगेचे झाड.

वृत्तपत्रांना मथळा आयताच मिळाला. गांजाने लेणी वाचवली, भिक्षू आणि भांग, अशा बातम्या देशोदेशी फिरल्या. लेखात मात्र कोणी काय ओढत होते याविषयी अवाक्षर नाही. लेख आहे बांधकामाच्या सामानाविषयी, आणि खरे सांगायचे तर तो विषय अधिक रोचक आहे.

आधी गिलावा म्हणजे काय ते पाहू. बेसाल्टवर छिन्नीने घडवलेली भिंत खडबडीत असते. तिच्यावर थेट चित्र काढता येत नाही. म्हणून आधी मातीचा जाड थर, त्यावर बारीक मातीचा पातळ थर आणि त्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा हात. छिन्नीचे घाव मुद्दाम राखलेले असतात, कारण गिलाव्याला पकड त्यांचीच मिळते. अजिंठ्याची चित्रे अशाच भूमीवर आहेत. १९३०च्या दशकात मद्रासच्या शासकीय संग्रहालयातील रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी तिथल्या थरांची तपासणी केली. युरोपीय अर्थाने ज्याला फ्रेस्को म्हणतात, म्हणजे ओल्या चुन्यावर रंग देणे, ते हे तंत्र नव्हे. कोरड्या भूमीवर सरसासारख्या बंधकात कालवलेले रंग येथे लावले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तडकते. तिच्यात तंतू असले की ताण विभागला जातो. एका मोठ्या भेगेऐवजी असंख्य सूक्ष्म भेगा पडतात आणि थर भिंतीवरून सुटत नाही. मराठवाड्यातल्या ज्यांनी माळवदाचे घर पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. मातीत भुस्सा घालून, पाणी मारून, चिखल काही दिवस मुरू द्यायचा आणि मग पायांनी तुडवायचा. अजिंठ्याच्या गिलाव्यातही साळीचे तूस, गवत आणि इतर वनस्पतींचे अवशेष सापडतात. तेव्हा वेरूळच्या मातीत झाडपाला सापडला यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते झाडाच्या ओळखीत.

ही ओळख पटवणे वाटते तितके सोपे नाही. नावांपासूनच घोटाळा सुरू होतो. इंग्रजीत ‘हेम्प’ हा शब्द किमान तीन वेगवेगळ्या झाडांना लावला गेला आहे. ‘सन हेम्प’ म्हणजे आपला ताग किंवा बोरू, शेंगा धरणाऱ्या कुळातला. ‘डेक्कन हेम्प’ म्हणजे अंबाडी, जिची भाजी आपण ज्वारीच्या भाकरीशी खातो आणि जिच्या सालीचे दोर वळले जात. ती जास्वंदीच्या कुळातली. खरे हेम्प मात्र भांग, आणि तिचे या दोघींशी काही नाते नाही. संस्कृतातला ‘शण’ हा शब्दही असाच निसरडा आहे: बहुधा ताग, पण प्रत्येक ठिकाणी खात्री देता येत नाही. म्हणून जुन्या ग्रंथात ‘शण’ वाचून तिथे भांग होती असे म्हणणे धाडसाचे, आणि इंग्रजी गॅझेटियरमध्ये ‘हेम्प’ वाचून तसे म्हणणे त्याहून धाडसाचे. तिन्ही झाडांची साल तंतुमय असते. बाराशे वर्षे चिखलात अडकलेल्या काडीवर नाव लिहिलेले नसते.

इथे वनस्पतिशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. गिलाव्यातून वनस्पतीचे तुकडे अलगद सोडवायचे, स्वच्छ करायचे आणि भिंगाखाली धरायचे. सिंह-सरदेसाई यांनी तीन साधने वापरली: वस्तूची खोली दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, पृष्ठभागाचे हजारो पटींनी मोठे रूप दाखवणारा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त किरणांची एफटीआयआर चाचणी. तुलनेसाठी भांगेचे ताजे नमुने जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या परिसरातून आणले. लेण्यातला नमुना आणि आजचे झाड यांत तफावत आढळली नाही.

भांगेच्या झाडाच्या काही खुणा या कामी येतात. तिच्या पानांवर राठ केस असतात आणि त्यातल्या कित्येकांच्या फुगीर बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा सूक्ष्म खडा असतो. फुलोऱ्याजवळ चीक धरणारे वेगळे, डोके असलेले केस असतात. सालीच्या तंतूंची रचनाही ठरावीक असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पकडलेला माल ओळखताना हीच लक्षणे पाहतात. पोलिसांच्या पंचनाम्यातले शास्त्र आणि लेण्यातले शास्त्र इथे एकच आहे, ही गंमत लक्षात घेण्याजोगी.

एफटीआयआरचे तत्त्व असे: रेणूतील प्रत्येक बंध ठरावीक लयीत कंप पावतो आणि अवरक्त प्रकाशातला तेवढाच भाग शोषून घेतो. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन यांच्या बंधांच्या जागा आलेखावर ठरलेल्या आहेत. मात्र या चाचणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सेल्युलोज तागातही आहे, अंबाडीतही आणि गवतातही. म्हणून एकट्या आलेखावरून झाडाचे नाव सांगता येत नाही. आकाराची साक्ष आणि रसायनाची साक्ष एकमेकींना जुळावी लागते. या अभ्यासात त्या जुळल्या, हे त्याचे बळ.

आता दुसरा दावा, जो बातम्यांत खरा गाजला. त्या वेळी संशोधकांनी सांगितले की, नमुन्यातील मातीच्या मिश्रणात भांगेचा वाटा सुमारे १० टक्के होता, आणि वेरूळच्या गिलाव्याला किडीचा उपद्रव का झाला नाही याचे कारण हेच. याउलट अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळत नाही आणि तिथली किमान २५ टक्के चित्रे कीटकांनी नासवली आहेत.

अजिंठ्याची कीड ही खरोखरच गंभीर बाब आहे. जुन्या पोथ्यांना लागते ती कसर तिथेही आहे. तिला पिष्ट आणि सरस प्रिय. अजिंठ्याच्या भिंतीत तिला दोन्ही मिळतात: थरातला झाडपाला आणि रंगांतले बंधक. जे चित्र पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, कोणा चित्रकाराने काढले, त्याच्या मागची भूमी आतून पोखरली जाते आणि एक दिवस खपली पडते. त्या खपलीची प्रत नसते. रॉबर्ट गिलने अनेक वर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून काढलेल्या नकलांतल्या कित्येक १८८५ मध्ये, पुन्हा लंडनमध्येच, आगीत गेल्या. मूळ गेले की उरतो तो छायाचित्रांचा संग्रह.

तरीही, भांग होती म्हणून वेरूळ वाचले, हे विधान मला जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. भांग होती, हे मान्य. पण दोन ठिकाणी दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या म्हणून त्यातली एक दुसरीचे कारण ठरत नाही. अजिंठ्याची लेणी वाघोरेच्या नालाकृती घळीत आहेत, भोवती झाडी, पावसाळ्यात दाट ओल. वेरूळ उघड्या डोंगरकडेला, व्यापारी वाटेलगत आहे. अजिंठा शतकानुशतके वटवाघळांच्या ताब्यात होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला तेव्हा त्याच्या आधी तिथे कोणी नियमित राबता ठेवला होता असे दिसत नाही. वेरूळ मात्र सहसा ओस पडले नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा तिथे मुक्काम होता, हे लीळाचरित्रावरून आपल्याला ठाऊक आहे. जिथे माणसे वावरतात, धूर होतो, झाडलोट होते, तिथे किडीचे गणित वेगळे असते.

शिवाय, दोन्हींचे वय सारखे नाही. अजिंठ्याची बरीचशी चित्रे पाचव्या शतकातली आणि नवव्या-दहाव्या लेण्यांतली काही तर इसवी सनापूर्वीची. तीन ताल आठव्या शतकाच्या आसपासचे मानतात. आणि वेरूळला शिल्लक राहिलेल्या रंगकामाचे क्षेत्र अजिंठ्याच्या मानाने फार थोडे आहे. कैलासला लोक एकेकाळी ‘रंगमहाल’ म्हणत, इतका तिथला गिलावा आणि रंग डोळ्यांत भरणारा होता. आज त्यातले किती उरले आहे ते कोणीही जाऊन पाहावे. जे उरले नाही ते किडीने गेले, पाण्याने गेले की माणसाने खरवडले, हे आता सांगता येणार नाही. उरलेल्या तुकड्यांना कीड नाही, एवढेच आपण पाहू शकतो.

भांग कीटकांना नकोशी वाटते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र अलीकडे रेणूंच्या पातळीवर मिळू लागले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. भांगेच्या ज्या रोपांत कॅनाबिनॉइड द्रव्ये जनुकीय कारणाने बनतच नाहीत, अशी रोपे आणि ती बनवणारी रोपे त्यांनी शेजारी वाढवली. ज्यांच्या पानांत ही द्रव्ये अधिक, त्यांना पाने कुरतडणाऱ्या किडींनी कमी खाल्ले. मग शुद्ध द्रव्य कृत्रिम खाद्यात मिसळून अळ्यांना दिले, तेव्हा अळ्यांची वाढ खुंटली. माणसाच्या डोक्यात चढणारे आणि त्याच्या जोडीचे न चढणारे असे हे सगळे रेणू झाडाने मुळात स्वतःच्या बचावासाठी घडवले असावेत, या जुन्या तर्काला त्यामुळे आधार मिळाला.

पण हे हिरव्या पानाचे झाले. बाराशे वर्षांच्या गिलाव्याचे काय? भांगेचा उग्र वास ज्या टर्पीन द्रव्यांमुळे येतो ती हवेत उडून जाणारी असतात. कॅनाबिनॉइड त्यांहून टिकाऊ, पण तेही प्रकाश आणि प्राणवायूपुढे हळूहळू बदलतात. मात्र ते अजिबात टिकत नाहीत असेही नाही. पामीरच्या पठारावर, चीनच्या पश्चिम टोकाला, जिरझंकल येथील सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लाकडी धुपाटणी सापडली. त्यांतल्या जळक्या अवशेषांत भांगेच्या मादक द्रव्याचे रासायनिक शेष २०१९ मध्ये ओळखता आले. फरक हवेचा आहे. तिथे थंड, कोरडे वाळवंटी पठार. इथे उन्हाळ्यात चाळिशी गाठणारा पारा आणि लगोलग मृगाचा दमटपणा. वेरूळच्या नमुन्यात कीटकांना रोखण्याइतके द्रव्य आजही शिल्लक आहे का, हे त्या द्रव्याचाच शोध घेतल्याशिवाय ठरणार नाही.

तीच गोष्ट डीएनएची. २०२१ मध्ये भांगेच्या ११० जातींच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. हे झाड नवाश्मयुगाच्या आरंभी, सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, पूर्व आशियात माणसाळवले गेले आणि धाग्यासाठीची व नशेसाठीची अशा त्याच्या शाखा फार पुढे, गेल्या काही हजार वर्षांत वेगळ्या झाल्या, असा तिचा निष्कर्ष. या दोन शाखांत चिकातले द्रव्य घडवणाऱ्या विकरांची जनुके वेगळी असतात. वेरूळच्या काडीतून या जनुकांचे चार तुकडे जरी वाचता आले, तरी एक मोठा प्रश्न सुटेल: गवंड्याने घातलेली भांग शेतात धाग्यासाठी पेरलेली होती की बांधावर आपोआप उगवलेली? आजची ओळख आकार आणि बंध यांवर उभी आहे, जनुकांवर नाही. पाणी आणि उष्णता डीएनएची साखळी तोडत राहतात, म्हणून दख्खनच्या हवेत ते टिकणे अवघड. मातीच्या घट्ट थरात, प्रकाशापासून दूर राहिलेली काडी ही त्यातल्या त्यात बरी जागा.

भांग पेरली जात होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे, शेतांच्या नावांविषयीचे. तीळ, माष म्हणजे उडीद, उमा म्हणजे जवस, भंगा आणि अणु या पाच पिकांच्या शेतांना कोणते प्रत्यय लागतात ते त्यात सांगितले आहे. व्याकरणकाराला ज्याच्या शेतासाठी शब्द साधावा लागतो ते रानातले तण नव्हे. जवसाच्या शेजारी भंगा यावी, हेही बोलके आहे. दोन्हींपासून बी मिळते आणि धागाही. अथर्ववेदातही भंगेचा उल्लेख वनस्पतींच्या यादीत आहे. नशा हा या झाडाच्या इतिहासाचा एक पदर आहे, पण दोर, कापड आणि तेल हे पदर त्याहून कमी जुने नसावेत.

गिलाव्यात काय घालावे याचा विचार आपल्याकडे ग्रंथबद्धही झाला होता. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात भिंत तयार करण्याची कृती आहे: विटांची भुकटी, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, चुना, बेलफळाचा गर, वाळू. ही यादी वाचताना एखाद्या सुगरणीच्या मसाल्याची आठवण येते. चिकटपणा कशाने, पाणी अडवणे कशाने, वाळण्याचा वेग कशाने, हे प्रत्येक जिन्नसामागचे अनुभवाचे ज्ञान. वेरूळच्या गवंड्याला कॅनाबिनॉइड ठाऊक असण्याची गरज नव्हती. अमुक झाड घातलेल्या भिंतीला कीड लागत नाही किंवा भेग जात नाही, एवढे दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेले पुरेसे होते. सिंह-सरदेसाई यांच्या सांगण्यानुसार पुढे बाराव्या शतकात यादवांनी देवगिरीच्या किल्ल्यातही भांग वापरली. वेरूळ आणि देवगिरी यांत अंतर ते किती, आजच्या मोटारीने अर्धा तास. आठव्या शतकातली युक्ती बाराव्या शतकापर्यंत त्याच मुलखात टिकली असेल, तर ते मला १० टक्क्यांच्या आकड्याहून महत्त्वाचे वाटते. कारण मग तो एका कारागिराचा योगायोग राहत नाही. ती एका प्रदेशाची परंपरा ठरते.

युरोपात हाच मेळ अगदी अलीकडे पुन्हा जमला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांची दुरुस्ती करताना भांगेच्या दांड्याचा भुगा आणि चुना यांचे मिश्रण वापरात आले. आज त्याला ‘हेम्पक्रीट’ म्हणतात. ते वजनाला हलके असते, उष्णता अडवते, आवाज शोषते आणि भिंतीतली वाफ आत-बाहेर जाऊ देते. सिमेंट यातले शेवटचे करू देत नाही. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत सिमेंट का घातक, याचे उत्तर इथेच आहे: ओल कोंडते आणि जुना थर आतून सुटतो.

दुरुस्तीनेच घात होतो, याचा अनुभव अजिंठ्याला आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा बसवला, आणि तो त्यांनी बसवला नसता तर आज कित्येक चित्रे दिसली नसती. पण रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी चपडा लाखेचा लेप दिला. तो काळानुसार पिवळा-तपकिरी झाला, त्यावर धूळ बसली आणि निळ्या-हिरव्या छटा झाकोळल्या. तो लेप मूळ रंगाला धक्का न लावता काढणे, हे त्यानंतरच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आलेले काम. सिंह यांचीही नोकरीतली बरीच वर्षे अजिंठ्याच्या भिंतींसमोर गेली आहेत.

त्यामुळे अजिंठ्याच्या सुटलेल्या थरामागे उद्या भांगमिश्रित माती भरावी का, हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतला नाही. जी माती भरायची ती जुन्या मातीइतकीच आकसली पाहिजे, तितकीच ओल धरली-सोडली पाहिजे आणि लागेल तेव्हा काढता आली पाहिजे. तंतूमुळे ती भेगाळणार नाही, हे खरे. पण कसरीला ती खरोखर नको होते का? त्यासाठी तूस घातलेली माती, भांग घातलेली माती, ताग घातलेली माती आणि नुसती माती अशा विटा एकाच दालनात, एकाच ओलाव्यात, किडीपुढे ठेवून पाहाव्या लागतील. चुन्याचा क्षार वेगळा मोजावा लागेल, कारण तोही कीटकांना मानवत नाही. हा प्रयोग खर्चिक नाही, पण वर्षे मागतो.

आणि भांग आणायची कुठून? १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने विनापरवाना लागवडीस बंदी आहे. त्याच कायद्याच्या १४व्या कलमात मात्र केवळ धागा किंवा बी मिळवण्यासाठी, औद्योगिक वा उद्यानविद्येच्या कारणासाठी, लागवडीची परवानगी देण्याची मुभा सरकारला ठेवलेली आहे. गांजा म्हणजे काय याची व्याख्याही कायद्यात फुलोऱ्यापुरती आहे. दांडा आणि त्याचा धागा तिच्यात येत नाही. उत्तराखंडाने २०१८ मध्ये या तरतुदीच्या आधारे औद्योगिक भांगेला परवाना देणे सुरू केले. तिथल्या पहाडी गावांत या झाडाचे बी चटणीत वाटतात आणि सालीचे दोर वळतात. वेरूळच्या गवंड्याने ज्या कामासाठी दांडे चिखलात तुडवले असतील, त्या कामाला लागणारा माल या देशात कायदेशीरपणे पिकतो.